माती बाधली

‘शेलशॉक’ या एका शब्दापाशी माझं काम तीन आठवडे अडून बसलं होतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांवरचं एक इंग्रजी पुस्तक मी मराठीत आणत होते. ‘तोफगोळ्याचा धक्का’ लिहिलं तर अपघाताची बातमी वाचल्यासारखं वाटे. ‘युद्धजन्य मनोविकार’ म्हटलं की सरकारी परिपत्रक समोर येई. ‘आघातोत्तर ताण विकार’ हा आजचा शब्द. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी तो बनवला ती १९८० सालची. १९१५च्या डॉक्टरच्या तोंडी तो कसा घालणार? संपादक म्हणाले, “शेलशॉकच राहू द्या, लोकांना कळतं.” कळतं खरं. पण पुस्तकातल्या पुढच्या पानांवर त्याच शब्दावरून माणसांची पेन्शन, अब्रू आणि कधीकधी जीवही ठरत होता. म्हणून मी अनुवाद बाजूला ठेवला आणि त्या शब्दाच्या मागे लागले.

तो छापून प्रसिद्ध झाला फेब्रुवारी १९१५मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात. लेखक होते चार्ल्स मायर्स, केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका लष्करी इस्पितळात त्यांनी तीन शिपाई तपासले. तिघांच्याही जवळ तोफगोळे फुटले होते. अंगावर नाव घेण्यासारखी जखम नव्हती. तरी त्यांची नजर मंदावली होती, वास आणि चव गेली होती, स्मृतीत भगदाडं पडली होती. मायर्सना एक गोष्ट कोड्यासारखी वाटली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे नोंदवली: एवढ्या प्रचंड आवाजानंतरही कानांना जवळजवळ काही झालेलं नव्हतं. गोळ्याच्या हादऱ्याने शरीर बिघडलं असतं तर आधी कान जायला हवे होते.

सुरुवातीला डॉक्टरांचा कल शारीरिक कारणाकडे होता. स्फोटाच्या लाटेने मेंदूत सूक्ष्म रक्तस्राव होत असेल, असं म्हटलं जाई. पण पुढे असेही शिपाई येऊ लागले ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता. कुणाचे पाय चालेनात, कुणाची वाचा गेली, कुणाचं अंग थरथरायचं थांबेना. गोळा नव्हता, तर मग धक्का कशाचा? ज्याला आपण नाव समजत होतो तो मुळात एक वाद होता.

या दुखण्याला त्याआधीही नावं होती. हेरोडोटसने मॅरेथॉनच्या लढाईतल्या एपिझेलस नावाच्या अथेन्सच्या शिपायाची हकिकत लिहून ठेवली आहे. शेजारचा माणूस मारला गेला आणि याला कुठेही वार लागला नसताना त्याची दृष्टी कायमची गेली. १६८८मध्ये बाझेलच्या योहानेस होफर या तरुण वैद्यकाने आपल्या प्रबंधात घर सोडून दूर गेलेल्या स्विस माणसांचं झुरणं वर्णिलं आणि त्यासाठी ‘घरी परतणं’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टाल्जिया’ हा शब्द घडवला. आज आपण जुन्या गाण्यांविषयी हसत वापरतो तो हा शब्द पुढे दोन शतकं सैन्यातलं रीतसर निदान होता. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात त्याची पाच हजारांहून अधिक प्रकरणं नोंदली गेली. त्याच युद्धानंतर, १८७१मध्ये, जेकब दा कोस्टा या डॉक्टरने तीनशे सैनिकांच्या अभ्यासावरून ‘चिडखोर हृदया’चं वर्णन केलं: छातीत धडधड, कळा, धाप, आणि तपासावं तर हृदयात काही दोष सापडत नाही. प्रत्येक काळाने दुखणं शरीरात कुठेतरी ठेवून पाहिलं. कधी डोळ्यात, कधी काळजात, कधी घराच्या आठवणीत.

शरीरात नेमकं काय होतं, याचं उत्तर योगायोगाने १९१५ सालीच आलं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वेदना, भूक, भय आणि क्रोध यांत शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. धोका दिसताच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात. नाडी वाढते, साखर रक्तात येते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं, तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात. हे सगळं लढायला किंवा पळायला उपयोगी. खंदकातल्या शिपायाची अडचण अशी की त्याला दोन्ही करता येत नव्हतं. मैलभर दूरच्या तोफेशी लढता येत नाही, आणि पळालं तर आपलेच गोळी घालतात. तो तास न् तास चिखलात बसून राही आणि शरीर पळण्याची तयारी करत राही.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. मराठीतले भीतीचे वाक्प्रचार एका ओळीत मांडून पाहा: पोटात गोळा येणं, घशाला कोरड पडणं, अंगावर काटा येणं, हातपाय गळणं, दातखीळ बसणं, बोबडी वळणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं. कॅननच्या ग्रंथाची अनुक्रमणिका वाटावी. गीतेच्या पहिल्या अध्यायातल्या अर्जुनाचंही तेच: तोंड कोरडं, अंगाला कंप, हातातून गळणारं धनुष्य. तत्त्वज्ञान दुसऱ्या अध्यायात सुरू होतं. पहिल्यात नुसतं शरीर बोलतं.

ब्रिटिश सैन्यात मात्र कुणाचं शरीर बोलतंय यावर बरंच अवलंबून होतं. अधिकाऱ्यांना बहुधा दुःस्वप्नं, निद्रानाश, काळजी. त्यांच्या कागदावर ‘न्यूरास्थेनिया’ लिहीत. साध्या शिपायाची वाचा जाई, पाय लुळे पडत. त्याच्या कागदावर ‘हिस्टेरिया’ येई, जो शब्द तोवर बायकांसाठी राखून ठेवलेला होता. उपचारही वेगळे. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात विल्यम रिव्हर्स अधिकाऱ्यांना बोलतं करत. आठवणी दाबून टाकण्यानेच दुखणं वाढतं, असं त्यांचं म्हणणं. १९१७मध्ये सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन्ही कवी त्या इस्पितळात होते, त्यामुळे साहित्याच्या वाचकांना ही बाजू चांगली माहीत आहे. दुसरी बाजू लंडनच्या क्वीन स्क्वेअरची. तिथल्या लुईस येलँड यांनी १९१८च्या आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितलं आहे, की वाचा गेलेल्या एका चोवीस वर्षांच्या शिपायाला त्यांनी अंधाऱ्या खोलीत कोंडून, बोलेपर्यंत दार उघडणार नाही असं बजावून, घशाला विजेचे झटके दिले. तास चार लागले. तो बोलला. लढाईत बोबडी वळलेल्या माणसाला आणखी मोठी भीती घालून बोलतं केलं, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

आणि मग ती दोन अक्षरं. सैन्याने शेलशॉकच्या रुग्णांचे दोन गट केले. शत्रूच्या स्फोटाचा परिणाम म्हणून कोसळला तर त्याच्या कागदावर ‘डब्ल्यू’, म्हणजे जखमी. त्याला बाहीवर जखमीची पट्टी लावता येई, पेन्शनवर हक्क सांगता येई. स्फोटाशिवाय कोसळला तर ‘एस’, म्हणजे आजारी. ना पट्टी, ना मान. १९१७मध्ये तर ‘शेलशॉक’ हे निदान आघाडीवर लिहायलाच मनाई झाली. त्याऐवजी लिहायचं, ‘निदान अद्याप नाही, मज्जासंस्थेचं’. हा शब्द प्रचारात आणणारे मायर्ससुद्धा पुढे त्याच्यावर नाराज होते, आणि १९२२च्या सरकारी समितीने तो टाकूनच द्यावा अशी शिफारस केली. लोकांनी ऐकलं नाही. लोकांना तो हवा होता, कारण तो दोष गोळ्याला देत होता.

इथे मला माझ्या अडचणीचं मूळ दिसलं. ती अडचण व्याकरणाची होती. ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ म्हणजे कर्ता कोण, एवढाच प्रश्न. शत्रूने केलं, की याने स्वतः? मराठीत भीती ‘वाटते’, धक्का ‘बसतो’, चक्कर ‘येते’. माणूस चतुर्थीत राहतो, त्याच्यावर काहीतरी गुदरतं. हिंदीत ‘सदमा लगता है’, गुजरातीत ‘आघात लागे’, तसंच. पण मराठीत दुसरी रांगही आहे. माणूस धसका ‘घेतो’, हाय ‘खातो’, कच ‘खातो’. इथे करणारा तोच. ज्याने कच खाल्ली त्याला कुणी खायला सांगितली होती? ब्रिटिश सैन्याचं कोर्ट मार्शल याच दुसऱ्या रांगेत बोलत होतं. पळून जाणं, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी त्या युद्धात ज्यांना पहाटे खांबाला बांधून गोळ्या घातल्या त्यांपैकी ३०६ जणांना २००६मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्याने माफी दिली. क्रियापद बदलायला नव्वद वर्षं लागली.

हिंदी शिपायांच्या वाट्याला तर हा वादसुद्धा क्वचितच आला. लाहोर आणि मेरठ डिव्हिजन सप्टेंबर १९१४च्या अखेरीपासून मार्सेयला उतरू लागल्या, आणि ऑक्टोबर संपायच्या आत ते ईप्रच्या चिखलात होते, उष्ण हवेसाठी शिवलेल्या कपड्यांत. जखमींमध्ये हाताच्या जखमा फार दिसू लागल्या तेव्हा वरिष्ठांना संशय आला, की हे लोक घरी जाण्यासाठी मुद्दाम हातावर गोळी मारून घेतात. काहींना त्यासाठी मृत्युदंडही झाला. ब्रायटनच्या किचनर इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी हजार जखमा एकेक करून तपासल्या आणि या सार्वत्रिक संशयाला आधार नाही, असा अहवाल दिला. उथळ खंदकात बंदूक चालवणाऱ्याचे हातच आधी दिसतात, हे लक्षात घेतलं तर नवल वाटायचं कारण नव्हतं. मन मोडण्याविषयी बोलायचं तर गोऱ्या अधिकाऱ्यांची समजूत तयार होती: ‘लढाऊ जमातीं’चे मज्जातंतू दणकट, आणि कुणी खचलाच तर त्याला थंडी सोसत नाही किंवा घर आठवतं. होफरचं जुनं निदान काळ्या माणसापुरतं अजून चालू होतं.

शिपायांनी स्वतः काय सांगितलं? पत्रं आहेत, पण आपल्यापर्यंत पोचलेली पत्रं म्हणजे अनुवाद. उर्दू, गुरुमुखी, हिंदीत, बहुतेकदा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेल्या पत्रांतले उतारे सेन्सॉरच्या कचेरीत इंग्रजीत उतरवले गेले. मुळं बहुतांशी हरवली, उतारे राहिले. लिहिणाऱ्यांना वाचणारा ठाऊक होता, म्हणून ते आडून लिहीत. काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची पाठवताहेत, असं एक पत्र सांगतं. काळी मिरी म्हणजे आपण, लाल मिरची म्हणजे गोरे.

या कचेरीचे प्रमुख होते ई. बी. हॉवेल, हिंदुस्थानातल्या मुलकी सेवेतले अधिकारी. जानेवारी १९१५च्या अहवालात त्यांनी एक निरीक्षण लिहिलं, जे वाचून मी खुर्चीतून उठले. पत्रांमध्ये शिपाई कवितेत बोलू लागलेत, आणि आपल्या मते हे मनाच्या अस्वस्थतेचं काहीसं अशुभ लक्षण आहे, असा त्याचा आशय. तापमान, नाडी, कविता! मी तुलनात्मक साहित्य शिकले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कवितेची ही व्याख्या कुणी शिकवली नव्हती. प्रथम राग आला. मग वाटलं, हा माणूस चुकला नव्हता. पंजाबी वा पश्तू घरात दुःख सांगायची रीत गाण्यातून जाते. ज्याला ‘मला झोप येत नाही, हात कापतात’ हे सेन्सॉरपुढे आणि कुटुंबापुढे म्हणता येत नव्हतं, तो दोन ओळी जुळवत होता. लक्षण बरोबर ओळखलं, ते भाषेचं औषधही आहे हे मात्र अहवालात आलं नाही. पुढे कधीतरी ते त्यांना उमगलं असावं. हेच हॉवेल म्हातारपणी खुशालखान खटकच्या पश्तू कवितांचे इंग्रजी अनुवादक म्हणून आपल्याला भेटतात.

एक आवाज मात्र अनुवादाविना उरला आहे. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत जर्मनांनी हिंदी युद्धकैदी ठेवले होते, आणि भाषाशास्त्रज्ञ तिथे त्यांच्या बोली तबकड्यांवर मुद्रित करत. डिसेंबर १९१६मध्ये मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या भोंग्यासमोर उभा राहिला. त्याने गोष्ट सांगितली. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा. तो इंग्रजांच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडलं. आता त्याला हिंदुस्थानला जायचंय. गेला तर तेच खायला मिळेल. मिनिटभराच्या त्या निवेदनात ‘मी’ येत नाही. आजचा मनोवैज्ञानिक याला स्वतःपासून तुटणं म्हणेल. मला त्यात लोककथेची सुरुवात ऐकू येते, ‘एक आटपाट नगर होतं’ सारखी. दोन्ही खरं असू शकतं. जे पहिल्या पुरुषात पेलत नाही ते माणूस तिसऱ्यावर सोपवतो.

फ्रान्सच्या या पत्रांमध्ये मराठी जवळजवळ भेटत नाही, कारण मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात होत्या. त्यांतल्या काही कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी शरणागती आणि वाळवंटातून कैदेकडे पायपीट. त्या वेढ्यातल्या मराठा शिपायाला रात्री काय दिसत होतं, हे सांगणारा कागद मला शोधून मिळाला नाही. म्हणून मी पुढच्या महायुद्धाकडे वळले, तिथे माझा स्वतःचा माणूस होता.

माझ्या आईचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीबरोबर इटलीत होते, १९४३च्या हिवाळ्यातल्या सांग्रो नदीपासून १९४५च्या सेनिओ नदीपर्यंत. त्याच आघाडीवर १९४४मध्ये जॉन अॅपेल हा अमेरिकन लष्करी मनोविकारतज्ज्ञ गेला होता. १९४६मध्ये त्याने आणि गिल्बर्ट बीबी यांनी मांडलेला निष्कर्ष साधा आणि भयंकर आहे: लढाईची सवय होत नाही. पायदळातला शिपाई प्रत्यक्ष लढाईच्या साधारण २०० ते २४० दिवसांनंतर निकामी होतो. भित्राच नव्हे, कुणीही. ब्रिटिशांचे शिपाई जास्त तगतात, ते शूर म्हणून नाही, त्यांना अधूनमधून मागे नेऊन विश्रांती देतात म्हणून. मज्जातंतू दणकट असलेली जमात त्यांना कुठे सापडली नाही.

आजोबांचे दिवस कुणी मोजले नाहीत. ते परत आले, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती करू लागले, आणि शेतकरी म्हणून त्यांची एकच खोड होती. नांगरलेल्या जमिनीवर ते पहिलं पाऊल टाकत नसत. औत गड्याने धरायचं. ताज्या उकरलेल्या मातीपाशी ते बांधावर उभे राहत, आणि आजी भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन पुढे निघाली की नेमके तिच्या पावलांत पाय ठेवत मागून येत. आम्हा नातवंडांना तो खेळ वाटायचा. आम्हीही एका रांगेत त्यांच्या मागे, पावलात पाऊल. गावात म्हणत, “फौजदार साहेब झालेत, माती लागू देत नाहीत पायाला.” भावकीत म्हणत, “धसका घेतलाय त्यांनी.” १९९४मध्ये ते गेले. घरात कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

या पुस्तकाच्या निमित्ताने मी इटलीविषयी वाचत गेले तेव्हा जर्मनांच्या ‘शू-माइन’चं वर्णन आलं. लाकडी पेटीतला छोटा सुरुंग. लोखंड जवळपास नसल्याने शोधयंत्राला सापडत नसे. माणूस मारण्यापेक्षा पाऊल तोडण्यासाठी बनवलेला. नदीकाठी, मळ्यांत, पायवाटांवर, हलक्या उकरलेल्या मातीखाली पेरलेला. तिथे जगण्याचा नियम एकच: पुढचा जिथून सुखरूप गेला तिथेच पाऊल टाकायचं.

म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, प्रत्येक पेरणीला, आजोबांचं शरीर सांग्रोच्या काठावर होतं. त्यात ना भ्रम होता ना साहेबी. शरीराने एकदा अचूक शिकलेला धडा होता आणि युद्ध संपल्याचं त्या शरीराला कुणी कळवलं नव्हतं. आणि आजी? सुरुंगाच्या वाटेवर पुढे कोण चालत होतं, हे मला आता दिसतं. तिला सुरुंग माहीत नव्हता. पण आपला नवरा कशाला तरी भितो आणि आपण पुढे चाललो की भीत नाही, एवढं तिला माहीत होतं.

मी आईला फोन करून हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी धसका म्हणायची नाही बरं. कुणी म्हटलं तर चिडायची. म्हणायची, तिकडची माती बाधली त्यांना.”

माती बाधली. पाणी बाधतं, हवा बाधते, अन्न बाधतं, परगावी गेलेल्या कुणालाही. त्यात बाधलेल्याचा दोष नसतो आणि लाजण्यासारखंही काही नसतं. ‘डब्ल्यू’ की ‘एस’ यावर एका साम्राज्याचे डॉक्टर, वकील आणि हिशेबनीस चार वर्षं भांडले, तो निकाल निरक्षर आजीने एका क्रियापदात लावून टाकला होता. कर्ता माती. आजोबा चतुर्थीत.

पुस्तकात मी ‘शेलशॉक’ तसाच ठेवला आहे. तो त्या काळाचा शब्द, त्याचं भांडण त्याच्याबरोबर राहू दे. पण जिथे जिथे इंग्रजी वाक्य म्हणत होतं की अमुक शिपाई कोसळला, खचला, मोडला, तिथे मी पुन्हा गेले आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासला. बऱ्याच ठिकाणी लिहिलं, ‘त्याला युद्ध बाधलं’. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. मी ते पुसलं आणि वाक्य तसंच परत पाठवलं.